ल्युबेकहून पत्र : लोक हसायचे कुठे थांबले

ल्युबेक,
जर्मनी, ऑक्टोबर अखेर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, की ताईच्या थोरल्यानं ‘नोस्फेराटू’ या जुन्या भयपटाचे तुकडे मोबाइलवर पाहिले आणि पोट धरून हसला. ‘आजोबा, याला लोक घाबरायचे?’ असं त्यानं तुम्हाला विचारलं. तुम्ही समजावलंत, पण त्याचं समाधान झालं नाही, हे तुमच्या आवाजावरून कळलं. तोच सिनेमा मी नुकताच इथं एका जुन्या चर्चमध्ये, ऑर्गनच्या साथीवर, भरगच्च गर्दीत पाहून आले. हसणारे तिथंही होते. ते कुठे हसले आणि कुठे हसायचे थांबले, हे त्याला सांगावंसं वाटतंय. फोनवर ते नीट जमलं नसतं. पत्र त्यालाही वाचायला द्या.

आईसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. घरांची दलाली करणारा हुटर नावाचा तरुण कार्पेथियन डोंगरातल्या काउंट ऑरलोककडे जातो, त्याला आपल्या गावातलं घर विकायला. ऑरलोक रक्त पिणारा. तो मातीनं भरलेल्या शवपेट्या घेऊन जहाजानं हुटरच्या गावी येतो, आणि त्याच्यासोबत उंदीर आणि प्लेग येतात. शेवटी हुटरची बायको एलेन त्याला पहाटेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते. सूर्य उगवताच तो विरून जातो आणि तीही मरते. ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून, हक्क न घेता, नावं बदलून केलेला हा मूकपट. दिग्दर्शक मुर्नाउ. पहिला मोठा खेळ 4 मार्च 1922 रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी सभागृहात झाला. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो-फिरतो. उन्हानं मरणारा व्हॅम्पायर जगाला दिला तो या सिनेमानं.

आणि यातलं बरंचसं माझ्या या गावात चित्रित झालंय! ऑरलोक विकत घेतो ते पडीक घर म्हणजे ट्रावे नदीच्या काठावरची मिठाची जुनी गोदामं. ल्युनेबुर्गहून आलेलं मीठ इथं साठवायचे आणि जहाजांनी उत्तरेकडे पाठवायचे. तांबड्या विटांची, निमुळत्या कपाळाची ही गोदामं मला ड्युटीला जाताना बसमधून दिसतात. मागे तुम्हाला फोटो पाठवला होता, होल्स्टनटोर या वेशीच्या शेजारच्या इमारती, त्याच या.

त्या दिवशी निम्म्याहून जास्त प्रेक्षक कॉलेजच्या वयाचे होते. रॉबर्ट एगर्सचा नवा ‘नोस्फेराटू’ जानेवारीत इथं लागला होता, तेव्हापासून जुन्याकडेही तरुण पोरं वळलीत. उरलेले पिकल्या केसांचे. चर्चमध्ये गारठा होता, लोक कोट अंगावर ठेवूनच बसले होते. माझ्या शेजारी आमच्या वॉर्डातली एक सहकारी होती, पलीकडच्या विस्मार गावची. सिनेमाची सुरुवात विस्मारच्या चौकानंच होते, सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून घेतलेल्या दृश्यानं. युद्धात त्या चर्चवर बॉम्ब पडले, उरलेल्या भिंती 1960 मध्ये पाडल्या, आता फक्त मनोरा उभा आहे. तिनं माझा हात दाबला आणि कुजबुजली, ‘आजीच्या वेळचं गाव.’ भयपट पाहायला आलेल्या लोकांची पहिली प्रतिक्रिया ही अशी होती. पुढच्या रांगेतले आजी-आजोबाही बोटं दाखवून एकमेकांना काहीबाही सांगत होते.

मग हसू सुरू झालं. हुटर प्रत्येक गोष्टीला खदाखदा हसतो, बायकोसाठी फुलं तोडून आणतो, उड्या मारत पायऱ्या उतरतो. त्याच्यावर पोरं हसली. ऑरलोकची घोडागाडी भुर्रकन पळते, तिच्यावर हसली. सगळ्यात मोठा हशा पिकला तो लांडग्यावर. सरायीतले लोक हुटरला बजावतात, की आज रात्री माणसाचा लांडगा होऊन फिरतोय, पुढे जाऊ नकोस. आणि पडद्यावर येतो तो चक्क तरस! पट्टेरी, पाठीवर आयाळ, मागून उतरता. बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणी माळावर संध्याकाळी दुरून दाखवला होतात तस्साच. त्या गर्दीत तरस उघड्यावर पाहिलेली बहुधा मी एकटीच असेन. मला हसू आलं नाही. तो मान खाली घालून ज्या पद्धतीनं हुंगत जातो ते पाहून अंगावर काटा आला.

थोरल्याला सांगा, हसण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं सिनेमाचं नाहीच, ते प्रतीचं आहे. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण 18 चौकटी. बोलपट आले तेव्हा 24 चौकटींचा वेग ठरला. जुनी फिल्म त्या वेगानं चालवली की सगळी माणसं तुरुतुरु पळायला लागतात आणि मरणाचा प्रसंगही फार्स वाटतो. घोडागाडी मात्र मुर्नाउनं मुद्दाम पळवलीय. गाडी ऑरलोकच्या हद्दीत शिरली की जगाचे नियम बदलतात, एवढंच त्याला म्हणायचंय. मग एका क्षणी चित्र उलटंच होतं, निगेटिव्हच पडद्यावर येते, झाडं पांढरीफटक आणि आकाश काळं. घोडागाडीला हसणारी पोरं तिथं गप्प बसली.

दुसरी गोष्ट रंगाची. ऑरलोक आपली शवपेटी काखेत मारून गावातून चालत जातो, हा तुकडा थोरल्यानं नक्की पाहिला असणार. काळ्यापांढऱ्या प्रतीत तिथं लख्ख ऊन दिसतं. भर दुपारी पेटी घेऊन निघालेला टकल्या माणूस पाहून कोणीही हसेल. पण मूळ प्रत काळीपांढरी नव्हती. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण उमटत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंगही दिवसाच घ्यायचे आणि मग फिल्म रंगात बुडवायची. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळा, पहाटेला गुलाबी. त्या दिवशी आम्ही पाहिली ती रंगांसकट दुरुस्त केलेली प्रत. निळ्या रात्रीत तोच माणूस तीच पेटी घेऊन चालला होता, आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एक खुर्ची करकरली नाही. नंतर तो होडीत ताठ उभा राहतो. वल्हं नाही, नावाडी नाही, होडी आपली आपण मिठाच्या गोदामांकडे सरकते आणि तो बंद दारातून आत विरघळतो. ज्या सिनेमात माणूस दिवसा उजेडाला भिऊन लपतो आणि पहाटेच्या किरणानं मरतो, त्यातून रात्र आणि पहाट यांचा रंगच काढून घेतला तर काय उरेल? मोबाइलवर फिरतात ते तुकडे बहुतेक असेच आहेत, रंग उडालेले, वेग बिघडलेला, पाठीमागे भलतंच संगीत.

ही प्रत टिकली कशी, तेही त्याला सांगा. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिनं दावा लावला. सिनेमा काढणारी कंपनी, प्राणा-फिल्म, तोवर बुडाली होती. भरपाई मिळण्याची आशा नाही म्हटल्यावर तिनं सिनेमाच नष्ट करण्याची मागणी केली आणि 1925 मध्ये जर्मन न्यायालयानं तसा हुकूम दिला. पण काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. फ्रान्सच्या संग्रहालयात जपलेली रंगीत प्रत पुढे दुरुस्तीला कामी आली. बाबा, तुम्ही कॉलेजात असताना पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जाऊन जुने सिनेमे पाहायचात, म्हणून तुम्हाला हे जास्त लागेल. जाळा म्हणून कोर्टानं सांगितलेला सिनेमा शंभर वर्षांनी मी पूर्ण पाहिला. आणि आपल्याकडे 1300च्या आसपास मूकपट निघाले, ते जाळा असं कोणी म्हटलं नव्हतं, तरी बोटांवर मोजावे इतके उरले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच हाती आहेत. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ तर गेलीच. कोल्हापुरात काढलेल्या त्या सिनेमाला आज कोणी हसूही शकत नाही. पोरं हसतात म्हणजे निदान पाहण्यासारखं काही शिल्लक आहे, असं मला त्या चर्चमध्ये बसल्या बसल्या वाटलं.

आता मुख्य गोष्ट. हसू थांबलं ते ऑरलोकच्या दातांमुळे नाही. तो आला की पोरं सरसावून बसायची, भीतीची मजा घ्यायची. खरं सामसूम झालं ते जहाजापासून. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात, कप्तान स्वतःला सुकाणूशी बांधून घेतो. मग ते जहाज, एकही जिवंत माणूस दिसत नसलेलं, शिडं फुगवून शांतपणे बंदरात शिरतं. त्याच्या तळातून उंदीर बाहेर पडतात. मग दवंडी. ढोल वाजवत एक माणूस येतो, खिडक्या उघडतात, तो कागद वाचतो : प्लेगचा संशय असलेल्या कोणालाही दवाखान्यात नेऊ नये, रस्त्यांतून रोग पसरेल. खिडक्या एकामागून एक बंद होतात.

मी आणि माझी सहकारी, दोघीही वॉर्डात काम करणाऱ्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. 2020 आणि 2021 मी पुण्यात कशी काढली, तुम्हाला ठाऊक आहे. खाट नाही म्हणून दारातून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. सहकारी तेव्हा इथं होती, तिचा अनुभव तिच्यापाशी. पुढे एलेन खिडकीशी येते आणि खाली पाहते. अरुंद, उतरत्या गल्लीतून काळ्या कपड्यांतले लोक दोघादोघांनी शवपेट्या खांद्यावर घेऊन येतात. घाई नाही, रडारड नाही. एक जोडी, मागे दुसरी, मागे तिसरी, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तेच. ही गल्ली इथल्या डेपेनाउ रस्त्याची, मी तिथून भाजी घेऊन चालत आलेय. त्या वेळी ऑर्गन वाजवणाऱ्यानं हात उचलला आणि वाजवायचंच थांबवलं. एवढा वेळ हसणारी पोरं पुतळ्यासारखी बसली होती. ती कोविडच्या वेळी शाळेत असतील, घरात कोंडलेली. त्यांनाही हे ओळखीचं होतं.

1922 मध्ये ज्यांनी हे पाहिलं त्यांची काय अवस्था झाली असेल? महायुद्धात वीस लाखांच्या आसपास जर्मन सैनिक मेले होते. त्यातच 1918चा इन्फ्लुएंझा घरोघर फिरून गेला होता. आपल्याकडेही त्या साथीनं एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या प्रेक्षकांना पेट्यांच्या रांगेचं वेगळं काही सांगावं लागलं नसेल. आज आपणही बहुतेक तिथंच येऊन पोचलोय. 2019 मध्ये हाच सिनेमा पाहिलेली माझी सहकारी म्हणाली, तेव्हा तिला हा भाग लांबलेला वाटला होता.

मला मात्र त्याहून जुनं काहीतरी आठवत होतं. आजी सांगते ना, तिच्या आजीच्या लहानपणी घरात उंदीर पडायला लागले की गाव खाली करायचं, शेतात खोपटी बांधून राहायचं, आणि गाठीच्या तापानं कोण गेलं हे वेशीबाहेर बसून ऐकायचं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी बंदराजवळ डॉ. व्हिएगसांनी प्लेग ओळखला. तोही जहाजांतूनच आला असं मानतात. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचे गोरे सोजीर घरात घुसून माणसांना छावणीत नेत होते. पडद्यावरचा अधिकारी दवाखान्यात नेऊ नका म्हणतो, आपल्याकडचा ओढून नेत होता, आणि दोन्हीकडे लोक खिडक्या लावून घेत होते. त्याच प्लेगात, मार्च 1897 मध्ये, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या बाईंनी आम्हाला हे सांगितलं होतं. त्या चर्चमध्ये मला त्यांची फार आठवण आली. सिनेमात मेलेल्यांना नेणारे पुष्कळ आहेत, पण जिवंत आजाऱ्याला उचलून दवाखान्यात नेणारं कोणी दिसत नाही.

खेळ संपल्यावर चहा-कॉफी होती आणि थोडी चर्चा. एका निवृत्त शिक्षकांनी सरळ विषय काढला, की ऑरलोकचं बाकदार नाक, लांब नखं, सोबत उंदीर, बाहेरून येऊन घर घेणं, हे सगळं ज्यूंच्या व्यंगचित्रांसारखं आहे. 1940 मध्ये नाझींच्या एका प्रचारपटात ज्यूंना उंदरांच्या थव्यांशी जोडून दाखवलं होतं. शिक्षक म्हणाले, ते माहीत असल्यावर मला हा सिनेमा निर्धास्तपणे पाहता येत नाही. सगळे गप्प होते. मग एक विद्यार्थिनी म्हणाली, की पटकथा लिहिणारे गालेन आणि हुटरचा मालक, दलाल क्नॉक, याचं काम करणारे ग्रानाख हे दोघंही ज्यू होते, आणि नाझी आल्यावर दोघांनाही देश सोडावा लागला. शिक्षकांनी मान डोलावली, पण माघार घेतली नाही, आणि मला ते आवडलं. दोन्ही खरं आहे.

मी इथं बाहेरून आलेली, म्हणून मला हे ऐकताना आत काहीतरी हललं. परका माणूस येतो, पलीकडचं घर घेतो आणि गावात रोग शिरतो, ही गोष्ट परक्यानं पाहायची म्हणजे सोपं नसतं. कोविडच्या पहिल्या महिन्यांत बसमध्ये आशियाई चेहऱ्याच्या माणसाशेजारी कोणी बसत नसे, असं इथल्या एका जुन्या नर्सनं मला सांगितलंय. पण सिनेमात एक प्रसंग आहे, ज्यावर चर्चेत फारसं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलले, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. गावकऱ्यांना प्लेगसाठी कोणीतरी दोषी हवा असतो. ते वेड्या क्नॉकच्या मागे लागतात, दगड मारतात, शेतात एक आकृती दिसते तिच्यावर तुटून पडतात, आणि हाती काय लागतं, तर बुजगावणं. खरा ऑरलोक मात्र गावातच असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ज्यानं हा प्रसंग घातला त्याला जमाव म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. सिनेमात परक्याची भीती आहेच, पण त्या भीतीनं आंधळी झालेली माणसंही आहेत. शिक्षकांनी ते लिहून घेतलं.

तरुण मुलींचा राग वेगळाच होता. एलेननंच का मरायचं? गावातले सगळे पुरुष हातावर हात धरून बसलेत आणि बळी द्यायला बाई. एकीनं तर टेबलावर हात आपटला. आई, तूही हेच म्हणाली असतीस. मला ते पटतं, तरी पूर्ण नाही. नवऱ्यानं वाचू नकोस म्हणून बजावलेलं पुस्तक ती एकटीच वाचते. समोरच्या घरात कोण आहे हे तिलाच कळतं. आणि एक दृश्य पाहा : समुद्रकाठी वाळूत क्रूस रोवलेले, बुडालेल्या खलाशांच्या आठवणीचे, आणि त्यांच्यामध्ये ती बाकावर बसून समुद्राकडे टक लावून पाहतेय. नवरा तर जमिनीवरून येणार आहे, घोड्यावर. समुद्रातून येतोय तो ऑरलोक. मग ही वाट कोणाची बघतेय? मुर्नाउ ते सांगत नाही. मूकपट असल्यानं तिला काही बोलावंही लागत नाही. त्यावर चहा संपेपर्यंत वाद चालला होता, आणि घाबरलो की नाही हा प्रश्न कोणी काढलाही नाही.

शेवटची जिन्यावरची सावली, लांब बोटांची, ती थोरल्यानं पाहिलीच असेल. पुढचा भाग त्याला पाहायला सांगा : हाताची सावली एलेनच्या छातीवर सरकते आणि मूठ आवळते, आणि ती कळवळते. ऑरलोकनं तिला स्पर्शसुद्धा केलेला नसतो. तिथं माझ्यामागच्या मुलाच्या तोंडून ‘आई गं’ अशा अर्थाचं काहीतरी निघालं. हाच मुलगा तरसाला सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

तर बाबा, त्याला एवढं करायला सांगा. रंगीत, दुरुस्त केलेली पूर्ण प्रत शोधायची, दीड तासापेक्षा थोडी मोठी आहे. टीव्हीला जोडायची, दिवे घालवायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तुम्ही शेजारी बसा. हसू आलं तर हसू द्या. दवंडीचा प्रसंग आला की त्याच्याकडे बघा, आणि मला कळवा.

आणि ताईला माझा एक निरोप द्या. आजीकडून ती प्लेगची, खोपटींची सगळी हकिकत रेकॉर्ड करून घे म्हणावं. कोणत्या शेतात राहिले, किती दिवस, कोण परत आलं नाही, नावानिशी. आजी आता थकलीय. रोजच्या गडबडीत राहून जाईल, म्हणून लगेच करा.

माझी तब्येत चांगली आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत. आईनं पाठवलेलं मेतकूट पोचलं, सहकारणीला गुरगुट्या भातावर घालून दिलं, तिनं दोनदा मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे, तेव्हा फोन तुमच्या सकाळी करेन.

आजीला साष्टांग नमस्कार, ताई-भावजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुमची,
धाकटी